हिवाळ्यातील जर्मनी : एका कुटुंबाच्या पहिल्या प्रवासाची आखणी

गेल्या काही वर्षांत आपल्या संघाच्या सभासदांपैकी अनेकांची मुलेमुली उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेली आहेत, आणि त्या देशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या आज पन्नास हजारांच्या वर आहे. मुले गेली की त्यांच्या मागून आईबाप आणि आईबापांच्या मागून आजीआजोबा, हा क्रमही आता ठरल्यासारखाच झाला आहे. २०२३ च्या डिसेंबरात आम्हीही सहकुटुंब जाऊन आलो. स्मरणिकेच्या संपादकांनी प्रवासवर्णन मागितले होते. परंतु प्रवासवर्णने पुष्कळ झाली आहेत, आणि आमच्या हातून ते साधेल असा भरवसाही नाही. त्याऐवजी निघण्यापूर्वी सहा महिने आम्ही जी आखणी केली, तीत कोठे बरोबर ठरलो आणि कोठे फसलो हे सांगणे अधिक उपयोगाचे होईल असे वाटते.

आमची थोरली कन्या २०२२ च्या ऑक्टोबरात म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात दाखल झाली. उन्हाळ्यात तिच्या परीक्षा, त्यानंतर एका कारखान्यात उमेदवारी. मोकळा असा काळ म्हणजे नाताळचे दोन आठवडे. धाकट्या चिरंजीवांच्या शाळेलाही तेव्हाच सुटी. त्यामुळे ज्याने त्याने 'उन्हाळ्यात जा' असा सल्ला दिला तरी आम्हांस हिवाळ्याखेरीज दुसरा पर्याय नव्हता. दुकान सांभाळण्याचे धाकट्या बंधूंनी आपण होऊन पत्करले. वस्तू व सेवा कराचे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरच्या आत जावे लागते, ते मात्र आम्ही नोव्हेंबरातच उरकून घेतले. परदेशात बसून दूरध्वनीवर हिशेबाची जुळवाजुळव करण्याची पाळी शत्रूवरही येऊ नये.

प्रश्न होता तो मातुःश्रींचा. त्यांचे वय त्या वेळी ७१. नातीला पाहून सव्वा वर्ष झालेले, आणि तिच्या नावाने रोज एकदा तरी डोळ्यांत पाणी यावयाचेच. परंतु रात्रिभोजनाचा त्याग त्यांनी वयाच्या विसाव्या वर्षी केला तो आजतागायत पाळला आहे. सूर्योदयानंतर दोन घटका झाल्यावर पहिला घास आणि सूर्यास्तापूर्वी दोन घटका शेवटचा. रात्री पाणीही नाही. औषध आणि त्यापुरते घोटभर पाणी एवढीच सूट.

बेळगावात हा नेम जड जात नाही, कारण ऐन डिसेंबरातही आपल्याकडे दिवस सव्वाअकरा तासांचा असतो. जर्मनीचे कोष्टक कन्येने पाठविले तेव्हा आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. म्युनिक येथे २१ डिसेंबरला सूर्य ८ वाजून १ मिनिटाने उगवतो आणि दुपारी ४ वाजून २२ मिनिटांनी मावळतो. दोन्हीकडच्या दोन दोन घटका, म्हणजे ४८-४८ मिनिटे, वजा केली की भोजनास योग्य असा काळ ८.४९ ते ३.३४, अवघा पावणेसात तासांचा उरतो. उत्तरेकडे बर्लिनला तर सूर्य सव्वाआठाला उगवून चारच्याही आधी मावळतो. तेथे हाच हिशेब जेमतेम सहा तासांवर येतो.

आम्ही मातुःश्रींस म्हणालो, "आई, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे. परदेशात थोडी सूट घेतली तर काय बिघडेल?"

त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "तुम्ही जाऊन या. मी दुकानावरच्या खोलीत राहते, मला काही कमी नाही. पण नेम सोडून मी येणार नाही."

आम्ही निरुत्तर झालो. दोन दिवस घरात या विषयावर कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी तोच कोष्टकाचा कागद पुढे घेऊन त्यावर उलट्या बाजूने विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे की, हिवाळ्यात जर्मनीत कोणासाठीही दिवस आठ तासांचाच आहे. नेम असो वा नसो, गाव पाहावयाचे, फिरावयाचे, फोटो काढावयाचे ते त्याच आठ तासांत. तेव्हा स्थळांची यादी आधी करून त्यांत आईंचे जेवण कसे बसवावे असा विचार न करता, आईंच्या जेवणाच्या वेळा आधी लिहाव्यात आणि त्यांत जी स्थळे बसतील तेवढीच पाहावीत. व्यापाराच्या भाषेत बोलावयाचे तर हिवाळ्यातील प्रवासात पैशापेक्षाही उजेड हेच खरे भांडवल, आणि ते मोजकेच मिळते. आम्ही प्रथम पैशाचा अंदाज मांडला होता. तो बाजूस ठेवून उजेडाचा मांडला, आणि पुढची सारी आखणी त्यातून निघाली.

पहिली काट बर्लिनवर बसली. दुसरी काट मनाला लागली, ती बॉनवर. आपल्या आगमांचा अभ्यास युरोपात ज्यांनी पायाशुद्ध केला ते हेर्मान याकोबी कोलोनचे; बॉनच्या विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले आणि १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांनी आचारांग व कल्पसूत्र यांचे इंग्रजी भाषांतर १८८४ साली, आणि उत्तराध्ययन व सूत्रकृतांग यांचे १८९५ साली प्रसिद्ध केले. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नव्हे, ही गोष्ट पाश्चात्त्य पंडितांस पटवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे गाव पाहावे अशी आमची फार इच्छा होती. परंतु म्युनिकहून तिकडे जाण्यास आगगाडीचे पाच तास, येण्यास पाच. आठ तासांच्या दिवसात हा सौदा बसेना. ते उन्हाळ्यासाठी राखून ठेविले आहे.

मुक्काम कोठे करावा यावर पत्रापत्री पुष्कळ झाली. कन्येची खोली विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील, एका माणसापुरती. म्युनिकमध्ये सुटीच्या दिवसांत भाड्याचे घर मागू जावे तो भाव ऐकूनच परत फिरावे लागते. हॉटेलची खोली स्वस्त पडती, पण तेथे चूल नाही, आणि चूल नसेल तर आमच्यासारख्यांनी हिवाळ्यात जर्मनीस जाऊच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या देशाचे हिवाळी अन्न म्हणजे बटाटा, कांदा, गाजर, बीट. जे जे जमिनीखाली पिकते ते ते सर्व. मांस टाळणे आता अवघड नाही. शाकाहारी पदार्थ बहुतेक उपाहारगृहांत मिळतात. कंदमूळ टाळणे मात्र तेथील माणसास समजावून सांगता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरासह घर हवे, आणि ते परवडेल अशा गावी हवे. कन्येने म्युनिकहून आगगाडीने सुमारे पाऊण तासावर असलेले आउग्सबुर्ग सुचविले, आणि नाव वाचताच आम्ही होकार कळविला.

याचे कारण आमचा धंदा. किराणा-भुसारात जन्म गेलेल्या माणसास आउग्सबुर्ग हे नाव परके नसावे. याकोब फुगर या सावकाराचे हे गाव. राजांना आणि सम्राटांना कर्ज देणारे त्याचे घराणे, आणि त्याच गावचे वेल्सर हे त्यांचे प्रतिस्पर्धी. १५०५ साली फ्रान्सिस्कु द आल्मेदाचा जो ताफा लिस्बनहून निघून आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावर येऊन थडकला, त्यातील तीन जहाजांत या जर्मन व्यापाऱ्यांचे भांडवल गुंतलेले होते. माल अर्थातच मिरी. पुढे त्या शतकाच्या अखेरीस फेर्डिनांड क्रोन नावाचा आउग्सबुर्गचा एक गृहस्थ याच दोन पेढ्यांचा आडत्या म्हणून कोचीनला आणि नंतर गोव्यास राहिला. आमच्या दुकानातील मिरीची पोती ज्या घाटवाटांनी येतात त्यांच्या दुसऱ्या टोकाला हे गाव होते, हे आम्ही चिरंजीवांस नकाशावर बोट ठेवून दाखविले. त्यांस त्यापेक्षा बर्फात अधिक रस होता, हेही प्रांजळपणे नमूद करतो.

व्हिसाच्या बाबतीत सभासदांस दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत देता येतो, आणि नाताळची गर्दी ध्यानात घेता तो लवकरात लवकर द्यावा. आम्ही जुलैतच आरंभ केला, तरी सप्टेंबर उजाडला, कारण मातुःश्रींच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, आणि दोहोंतील जन्मतारखांत चार महिन्यांचे अंतर. घरातील वृद्धांचे पारपत्र काढावयाचे असेल तर ही कागदपत्रे प्रथम तपासावीत. बाकीचे सर्व, म्हणजे तीन वर्षांची आयकर विवरणे, बँकेचे उतारे, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, हे व्यापारी माणसाच्या कपाटात किंवा एका दिवसात मिळण्याजोगे असते. शुल्क तेव्हा माणशी ८० युरो होते. जून २०२४ पासून ते ९० झाले आहे. दुसरी गोष्ट बोटांच्या ठशांची. राणी चन्नम्मा गाडीने आम्ही बंगळूरला गेलो, आणि तेथे मातुःश्रींचे ठसे यंत्रावर उमटेनात. पन्नास वर्षे जाते, पाटा आणि चूल सांभाळलेली बोटे ती. रेषा झिजून गेलेल्या. चौथ्या प्रयत्नात, हात कोमट पाण्याने धुऊन आणि थोडे तेल लावून पुसल्यावर, ठसे मिळाले. खिडकीमागच्या मुलीने हसून नमस्कार केला तेव्हा मातुःश्रींनी तिला "जेवलीस का ग?" म्हणून विचारले.

विमानाची निवड हीसुद्धा उजेडाच्याच हिशेबाने करावी लागली. मुंबईहून म्युनिकला थेट जाणारे विमान मध्यरात्रीनंतर सुटते आणि पहाटे पोहोचते. पश्चिमेकडे जाताना रात्र आपल्याबरोबरच चालते. बेळगावचा सूर्यास्त सायंकाळी सहाचा आणि म्युनिकचा सूर्योदय आपल्या घड्याळाने दुपारी साडेबाराचा. म्हणजे नेम पाळणाऱ्यास अठरा तासांहून अधिक काळ निर्जळ. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धेस हे झेपण्याजोगे नाही, असे आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावले. म्हणून आम्ही आखाती देशातून जाणारा मार्ग घेतला. पहाटे मुंबई सोडावी, तिकडच्या विमानतळावर सूर्योदय पाहावा, सकाळी आठ-नऊच्या सुमारास दुसरे विमान घ्यावे आणि दुपारी म्युनिकला उतरावे. या मार्गाने सूर्य उलट आपल्या पाठोपाठ येतो आणि दिवस लांबतो. विमानात जैन भोजन आगाऊ, निदान एक दिवस आधी, नोंदवावे लागते. आम्ही नोंदविले होते, तरी मातुःश्रींनी स्वतःच्या डब्यातील कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणीच खाल्ली. थेट विमानापेक्षा पाच तास जास्त लागले. ते पाच तास आम्ही आखणीत आनंदाने खर्ची टाकले.

सामानाविषयी एक कटु प्रसंग. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांस आणि दूध व त्यांचे पदार्थ स्वतःच्या सामानातून नेण्यास बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. आणि बेळगावकरांस सांगावयास वाईट वाटते, कुंदाही नाही. नातीसाठी दोन किलो कुंदा बांधून तयार होता. मातुःश्रींस हे पटेना. "माझ्या नातीला मी घरचं गोड नेऊ नये? कोण विचारतंय?" असा त्यांचा सवाल. चोरून नेता आला असता, पण कायदा माहीत असता तो मोडणे आम्हांस नको वाटले. शेवटी डबे बंधूंच्या घरी गेले. तुपाची अडचण कन्येने सोडविली. तिकडे बिनमिठाचे लोणी प्रत्येक दुकानी मिळते, ते कढवून तिने पहिल्याच दिवशी बरणीभर तूप केले, आणि आजीने वास घेऊन ते पसंत केले. आम्ही बरोबर नेले ते भाजणी, मेतकूट, डाळी, ज्वारीचे पीठ, सुके मसाले, आणि पाणी गाळण्याचे स्वच्छ फडके. तेथील नळाचे पाणी पिण्यास उत्तम असते; तरी फडके नळास बांधले गेलेच.

कपड्यांविषयी बहुधा कोणी सांगत नाही ती बाब अशी की, तिकडच्या उबदार जाकिटांपैकी पुष्कळांत बदकांची किंवा हंसांची पिसे भरलेली असतात. वेष्टनावर 'डाउनेन' असा शब्द असेल तर ती पिसे समजावीत. कृत्रिम धाग्याचे भरण असलेली जाकिटेही तितकीच मिळतात व पावसात भिजल्यावर लवकर वाळतात. बुटांचेही तसेच, चामड्याचे नकोत त्यांनी कृत्रिम, पण तळवा खडबडीत आणि पाणी आत न शिरणारा असा घ्यावा. एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ तीन थर बरे, कारण घरे, दुकाने आणि गाड्या आतून इतक्या तापविलेल्या असतात की दर अर्ध्या तासाने काढघाल करावी लागते. मातुःश्रींनी नऊवारीच्या आतून लोकरी विजार घातली आणि वर शाल. त्यांना आमच्यापेक्षा कमी थंडी वाजली.

आगगाडीचे भाडे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जलद गाड्यांची स्वस्त तिकिटे आधी घेतली तर मिळतात, पण ती एका विशिष्ट गाडीस बांधलेली असतात, आणि २०२३ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६४ टक्केच वेळेवर धावल्या. सबंध महिन्याचे जे गाजलेले तिकीट आहे, त्या वेळी ४९ युरोंचे, ते पंचांगातील महिन्याचे असते. आमचा प्रवास २० डिसेंबर ते ३ जानेवारी, म्हणजे दोन महिन्यांचे पैसे भरून निम्म्याहूनही कमी उपयोग. त्यापेक्षा बायर्न प्रांताचे एक दिवसाचे तिकीट आम्हांस सोयीचे पडले. एका तिकिटावर पाच जण, आणि आम्ही कन्येसह बरोबर पाच. ते कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालते आणि अतिजलद गाड्यांस लागू नाही, म्हणून पुष्कळ लोक नाक मुरडतात. पण ज्यांच्या घरी पहिला घास पावणेनऊनंतर, त्यांना नऊच्या आधी निघावयाचे आहेच कोठे?

सर्व जमले असता २ डिसेंबरला बातमी आली की म्युनिकला विक्रमी हिमवृष्टी होऊन विमानतळ बंद पडला. दूरचित्रवाणीवर बर्फाखाली झाकलेली विमाने दाखवीत होते. त्याच आठवड्यात आगगाडीच्या चालकांचा संपही झाला. मग काय, सकाळपासून रात्रीपर्यंत नातेवाइकांचे फोन. म्हातारीला मारायला नेताय का, येथपर्यंत ऐकावे लागले. आम्ही डळमळलो, हे कबूल केले पाहिजे. दोन रात्री झोप लागली नाही. चालकांच्या संघटनेने ७ जानेवारीपर्यंत पुन्हा संप होणार नाही असे जाहीर केले, विमानतळ दोन-तीन दिवसांत रुळावर आला, आणि मातुःश्रींनी आपली ट्रंक स्वतः बांधून दारात आणून ठेवली. निर्णय तेथेच झाला.

गंमत अशी की, आम्ही पोहोचलो तोवर हवा पालटली. नाताळच्या दिवसांत तापमान दहा अंशांच्या आसपास, आणि गावात औषधालाही बर्फ नाही. चिरंजीव रडकुंडीस आले. सखल भागात बर्फाची हमी कोणी देऊ शकत नाही. तो हवा असेल तर डोंगर चढावा लागतो. म्हणून आखणीत एक दिवस आम्ही कोणत्याही कामास न लावता राखून ठेविला होता, आणि हवेचा अंदाज पाहून आदल्या संध्याकाळी तो गार्मिशला दिला. तेथून दात्यांच्या चाकांची आगगाडी त्सुगष्पिट्से या २,९६२ मीटर उंचीच्या शिखराकडे जाते. जर्मनीतील ते सर्वांत उंच. रक्तदाब असलेल्या वृद्धांस त्या उंचीवर नेऊ नये, म्हणून मातुःश्री आणि सौभाग्यवती खाली गावात थांबल्या. आम्ही वर दीड तास बर्फात होतो. खाली आलो तो दोघी एका बाकावर उन्हात बसून तीनचा डबा उघडीत होत्या.

आता आमची मोठी चूक. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, नाताळचे २५ आणि २६ हे दोन्ही दिवस सुटीचे, आणि बायर्नमध्ये इतर दिवशीही रात्री आठला दुकाने मिटतात, हे सर्व आम्हांस माहीत होते. २०२३ साली २४ तारीख रविवारी आली. म्हणजे शनिवार २३ च्या रात्री आठपासून बुधवार २७ च्या सकाळपर्यंत बाजार बंद. कन्येने तीनदा सांगितले की शनिवारी सकाळीच भाजी आणि दूध भरून ठेवा. आम्ही म्हणालो, संध्याकाळी परत आल्यावर घेऊ. तो दिवस न्यूर्नबर्गच्या नाताळबाजाराचा होता, आणि तो बाजार पाहताना कोणताही व्यापारी घड्याळ विसरेल. लाल-पांढऱ्या कापडाच्या छताची लाकडी दुकाने, प्रत्येकात एकच माल, पण काय मांडणी! पेल्यावर अनामत रक्कम घेतात आणि पेला परत केला की ती मोजून देतात; घासाघीस नाही, ओरड नाही. आम्ही तासभर केवळ मालाची मांडणी पाहत उभे राहिलो. आउग्सबुर्गला परतलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि समोरच्या दुकानाचे दार आमच्या तोंडावर बंद. आयुष्यभर दुकान चालविणाऱ्या माणसाने दुकान बंद होण्याची वेळ चुकवावी, यासारखी नामुष्की दुसरी नाही.

तीन दिवस आम्ही भाजणी, मेतकूट-भात आणि वरण यांवर काढले. दूध म्युनिकच्या मुख्य स्थानकातील दुकानातून आणले. स्थानकांवरील काही दुकाने बंदीच्या दिवशीही उघडी असतात, भाव मात्र त्यांचा. २५ तारखेस मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी होती, आणि चतुर्दशीस मातुःश्रींचा उपवास असतोच. "बघ, तुझ्या चुकीचा मला काही त्रास नाही," असे म्हणून त्यांनी आम्हांस दिलासा दिला. नातीने त्या दिवशी आजीजवळ बसून आजीकडून लहानपणीच्या गोष्टी पुन्हा ऐकल्या. बाहेर जाण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे कोणी कोठे गेलेही नाही, आणि सबंध प्रवासातील तो दिवस आमच्या कन्येस सर्वांत आवडला असे तिने नंतर पत्रात लिहिले.

नाताळबाजाराविषयी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. बहुतेक बाजार २३ किंवा २४ डिसेंबरलाच उठतात. नाताळानंतर जाणाऱ्यास रिकामे चौक पाहावे लागतात. तेव्हा निदान तीन-चार दिवस आधी पोहोचावे. हे बाजार अंधार पडल्यावरच शोभतात, आणि तेथेच आम्हांस आखणीचा खरा लाभ दिसला. तीन वाजता घरी सर्वांचे जेवण होई, साडेतीनला मातुःश्रींचे तोंड धुणे, मग चारच्या पुढे अंधारात दिवे पाहावयास निघावे. खाण्याची घाई नाही, उपाहारगृह शोधणे नाही. आउग्सबुर्गच्या नगरभवनाच्या खिडक्यांत देवदूतांच्या वेषातील मंडळी वाद्ये घेऊन उभी राहतात, ते पाहत मातुःश्री गर्दीत अर्धा तास हलल्या नाहीत. सौभाग्यवती आणि चिरंजीव यांनी पंधराही दिवस आजीबरोबरच वेळ पाळला. आम्ही दोनदा भाजलेले चेस्टनट खाल्ले, तेही सर्वांच्या मागे उभे राहून. मातुःश्रींच्या नजरेतून ते सुटले नसावे, पण त्या काही बोलल्या नाहीत.

फुगराई पाहण्यास आम्ही दोनदा गेलो. याकोब फुगरने १५२१ साली आपल्या गावच्या गरजूंसाठी बांधलेली ही वसाहत आजही नांदती आहे. ६७ घरे, ती सर्व पिवळ्या भिंतींची. वर्षाचे भाडे पूर्वीच्या एका गिल्डरइतके, म्हणजे आजचे ८८ सेंट. राहणारा आउग्सबुर्गचा, कॅथलिक आणि गरजू असावा, आणि त्याने संस्थापकासाठी रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात, अशा अटी आहेत. रात्री दहाला वेस बंद होते व उशिरा येणाऱ्यास पहारेकऱ्याच्या हाती काही सेंट द्यावे लागतात. खर्च अजूनही घराण्याच्या न्यासातून, मुख्यतः जंगलांच्या उत्पन्नातून चालतो. कन्येने हे सर्व आजीस मराठीत सांगितले. "पाचशे वर्षं? आणि हिशेब कोण बघतं?" हा मातुःश्रींचा पहिला प्रश्न. आमच्याही मनात तोच होता. सावकाराची कर्जखते काळाच्या उदरात गेली आणि गरिबांची घरे उरली, याविषयी आम्ही संध्याकाळी चिरंजीवांस दोन शब्द सांगू लागलो, तो ते झोपले होते.

३१ डिसेंबरच्या रात्री तेथे फटाक्यांचा जो कल्लोळ होतो तो आपल्या दिवाळीस मागे टाकील. वृद्धांना घेऊन त्या रात्री चौकात जाऊ नये. परतीचा प्रवास सोपा. म्युनिकला दुपारी जेवून विमानात बसले की पूर्वेकडे रात्र लवकर संपते, आणि मुंबईला सूर्योदय तयारच असतो.

येत्या वर्षांत जाणाऱ्यांनी पंचांगाबरोबर जर्मन सुट्यांचे कोष्टकही समोर ठेवावे. २०२६ साली २५ डिसेंबर शुक्रवारी येतो. म्हणजे गुरुवार २४ च्या दुपारनंतर दुकाने मिटतील ती सोमवार २८ च्या सकाळीच उघडतील. तेव्हा भाजी आणि दूध बुधवारीच भरून ठेवावे. आमच्या सौभाग्यवतींनी केलेले वेळापत्रक, सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टक आणि बरोबर नेलेल्या शिध्याची यादी दुकानात जपून ठेविली आहे. ज्या सभासदांस हवी असतील त्यांनी दुपारी तीननंतर रविवार पेठेत यावे. नक्कल करून देऊ. कुंदा मात्र इकडेच खाऊन जावा लागेल.